टाचेजवळचं रफू

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? जेवलास का, खोकला गेला का, एवढं विचारून झालं की तुला काहीतरी काम आठवतं आणि तू ठेवून देतेस. यातला अर्धा दोष माझाही आहे. तू ठेवलास की मला सुटल्यासारखं वाटतं, असं अठरा वर्षं चाललंय. म्हणून या वेळी लिहायला बसलो. सावकाश वाच, ओळीखाली बोट धरून वाचलंस तरी चालेल. मीही तसाच लिहितोय.

भाचीनं कळवलं की डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं आणि पट्टी निघाल्यावर पहिल्याच दिवशी तू शिंप्याच्या दुकानात जाऊन बारीक सुईत एका झटक्यात दोरा ओवलास. शिंपीकाका म्हणाले म्हणे, आता ही आम्हाला अजून वीस वर्षं छळणार. ऐकून खूप बरं वाटलं. त्यातलं थोडं बरं वाटणं माझ्या स्वार्थाचं होतं, ते पुढे येईलच.

माझं म्हणशील तर मी दमलोय. आजारी नाही, नुसता दमलोय. पुढच्या वर्षी पन्नास पुरी होतील आणि या संग्रहालयात मला एकवीस वर्षं झाली. मी तिथे नेमकं काय करतो हे आपल्या गावात कुणालाच कळलं नाही. आपल्या गुरुजींनी एकदा तुला विचारलं होतं, एवढं शिकून पोरगा भिंतीला खिळेच ठोकतो का, आणि तू म्हणालीस, खिळे दुसरे ठोकतात, हा कुठे ठोकायचे ते सांगतो. क्युरेटर म्हणजे काय हे मी नंतर मोठमोठ्या सभांत सांगितलं, पण तुझ्यापेक्षा नेमकं मला कधी जमलं नाही.

आजच्या काळातल्या कलावंतांनी केलेल्या वस्तू आम्ही जपतो. चित्रं असतात, तशा मोडक्या खुर्च्या असतात, गंजलेले पत्रे असतात. प्रत्येकीशेजारी भिंतीवर एक मजकूर लागतो, तो मी लिहितो. लोक वस्तूपुढे थांबतात त्यापेक्षा जास्त वेळ माझा मजकूर वाचतात आणि पुढे जातात. सुरुवातीला याचा मला अभिमान होता. आता वाटतं, मी त्यांच्या आणि वस्तूच्या मध्ये उभा राहिलो. सकाळी दारं उघडण्याआधी मी रिकाम्या दालनात मिनिटभर हात जोडून उभा राहतो, ती सवय तुझीच. रखवालदाराला वाटतं साहेब दिवे तपासतात. वाटू दे. देवाकडे मी फार काही मागत नाही. दिवस नीट जावो, एवढंच. तो ऐकतो, असं मी धरून चालतो. पण एक गोष्ट त्याला सांगून भागणारी नव्हती, कारण चूक त्याच्याशी केलेली नव्हती.

अठरा वर्षांपूर्वी तू आमच्याकडे संग्रहालयात आली होतीस, तो दिवस तुला आठवतो. आठवत नसता तर तू पुन्हा आली असतीस. कधी गुडघा, कधी दुकानातली घाई, कधी भाचीची परीक्षा. आता तर तिची मुलं परीक्षा देतात. मी कधी आग्रह केला नाही.

सुट्टीचा वार होता, दालनं बंद होती. मी तुला पहिल्या मजल्यावर बाकावर बसवलं आणि कुणीतरी हाक मारली म्हणून गेलो. पाच मिनिटं म्हणालो, अर्धा तास लागला. समोर ती चादर छतापासून खाली टांगलेली होती. साधी पांढरी सुती चादर, धुऊन धुऊन पिवळट झालेली, जागोजागी विरलेली. तिचं नाव 'शेवटचा आठवडा'. करणाऱ्या बाईंची आई त्या चादरीवर आठवडाभर पडून होती आणि त्यावरच गेली. बाईंनी चादर धुतली, पण शिवली नाही. जिथे आईचा खांदा घासला, जिथे कोपर टेकलं, तिथली भोकं तशीच ठेवली आणि तीच टांगली. त्या मजकुरासाठी मला तीन आठवडे लागले होते. तो अजून भिंतीवर लागला नव्हता.

मी परत आलो तेव्हा तू सुईची डबी पिशवीत ठेवत होतीस. चेहरा इतका समाधानी होता तुझा. चादरीच्याच काठातून तू धागा ओढून काढला होतास आणि खालचं एक भोक बुजवलं होतंस. म्हणालीस, "इथे टाच घासलीय रे कुणाचीतरी. खूप दिवस पडून असणार. भोकात टाच अडकली की आजारी माणसाला फार लागतं. वेळ असता तर सगळी केली असती."

ताई, इतक्या वर्षांत हजारो लोकांनी ती चादर पाहिली. मजकूर न वाचता आपल्यापुढे नेमकं काय आहे हे ओळखणारी तू एकटी. मला ते तेव्हा कळलं नाही. मला फक्त बिघडलेली चादर दिसली. आणि तेवढ्यात संचालक आत आले. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, तुझ्या पिशवीकडे, चपलांकडे, आणि हसून विचारलं, या कोण. मी म्हणालो, गावाकडच्या ओळखीच्या आहेत, शिवणकाम करतात.

तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. उठलीस, त्यांना हात जोडलेस आणि म्हणालीस, "हो, साहेबांच्या गावची."

चादरीमुळे घाबरलो म्हणून तसं बोललो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. ते कारण मी नंतर शोधलं. आई गेली तेव्हा मी पहिलीत होतो आणि तू सातवी सोडून तिच्या अंथरुणापाशी बसली होतीस. नंतर माझ्या शाळेच्या सदऱ्याला तू इतकं बारीक रफू करायचीस की वर्गात कुणाला ठिगळ दिसायचं नाही. दिसू नये हेच तुझं कौशल्य. आणि मी त्या दिवशी तुलाच दिसेनासं केलं. बसस्टॉपवर सोडायला आलो तेव्हा तू म्हणालीस, नीट जेवत जा.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर उजेडात, शांतपणे मी आणखी एक गोष्ट केली. आमच्याकडे वस्तू आली की तिचा एक कागद होतो. कुठे डाग, कुठे चीर, सगळं मोजून लिहायचं. चादरीच्या कागदावर माझ्याच अक्षरात बारा भोकं होती. मी तो फाडला आणि नवा लिहिला, अकरा. फोटो होता, पण लांबून काढलेला, पायाकडचा कोपरा अंधारात. त्यानंतर दर वर्षी तपासणी झाली, दर वर्षी अकरा, खाली माझी सही. तुझं रफू कुणालाच दिसलं नाही. मी मात्र रोज तिथून जाताना ते पाहत होतो.

आता त्या बाई ऐंशीला टेकल्यात. त्यांच्या सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन आम्ही भरवतोय. मागच्या आठवड्यात त्या मांडणी बघायला आल्या. चादरीपुढे खुर्ची मागून घेतली आणि बोटानं मोजायला लागल्या. मोजून झाल्यावर विचारलं, टाच कुठे गेली? आमच्या नोंदी ठेवणाऱ्या मुलीनं फाइल आणली. अगदी अदबीनं सांगितलं, मॅडम, पहिल्यापासून अकराच आहेत. बाईंनी पुन्हा मोजलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "असेल. माझंच काही खरं नाही आता. आईची टाच कुठे होती तेही विसरले म्हणायची."

आणि मी तेव्हाही गप्प बसलो. हे तुला सांगायलाच हवं. घरी आलो, जेवलो, झोपलोही. दुसऱ्या दिवशी सकाळी दालनात हात जोडायला गेलो तर बाई माझ्या आधीच येऊन बसल्या होत्या. एक हात चादरीवर, डोळे मिटलेले, चाचपडत होत्या. स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवू की आमच्या कागदावर, असा तो हात चालला होता. मला हात जोडवेनात. मग मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसलो आणि ती जागा त्यांना दाखवली. सगळं सांगितलं. कागद फाडलेला, सह्या, सगळं.

त्या चिडल्या. चिडणारच. म्हणाल्या, त्या भोकाएवढी माझी आई उरली होती माझ्याकडे. मग विचारलं, कुणी केलं हे. मी म्हणालो, माझ्या मोठ्या बहिणीनं. त्या इमारतीत हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले. तू टाचेबद्दल काय बोलली होतीस तेही सांगितलं, शब्द न् शब्द. त्यावर बाई बराच वेळ त्या रफूवरून बोट फिरवत राहिल्या.

आताचे संचालक माझ्यापेक्षा लहान आहेत. त्यांनी आवाज चढवला नाही. प्रदर्शन संपेपर्यंत येत जा, पुढचं नंतर बघू, म्हणाले. पुढचं काय ते मला कळलं. घरी सांगितलं तेव्हा ही म्हणाली, तुमचा चेहरा मात्र आज बरा दिसतोय. खरं सांगू, मोठं ओझं घेऊन जिना चढावा आणि मधेच कुणीतरी म्हणावं, ठेवा खाली, तसं झालं. ओझं उतरलं तरी पाय दुखायचे राहत नाहीत. तेवढं दुखणं आहे.

आणि आता, पत्र कशासाठी ते. आमच्या दुरुस्ती विभागातल्या बाईंनी भिंग लावून दोन दिवस पाहिलं. त्या म्हणतात, धागा चादरीचाच असल्यामुळे चादर कुठे संपते आणि रफू कुठे सुरू होतं हेच कळत नाही. चुकीचा धागा कापला तर सगळंच जाईल. तेव्हा चादरवाल्या बाई म्हणाल्या, "जिनं बुजवलं तिलाच बोलवा. टाच तिनंच ओळखली होती ना?" तर ताई, तू ये. आणि तुझ्या हातानं केलेलं ते रफू तुझ्याच हातानं उसव. तुझ्याकडे हे मागणं किती वाईट आहे हे मला कळतं, आजवर तू लावलेला टाका कुणी तुला उसवायला सांगितला नसेल. बाई रागावतील की शेजारी बसवून घेतील, मला माहीत नाही. तुला नाही म्हणावंसं वाटलं तर नाही म्हण, माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तरी चालेल. येत्या सोमवारी सुट्टी आहे, भाची तुला घेऊन येईल, मी खाली दारात उभा असेन. आत येणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव आजच लिहिलंय आणि पुढे नातंही. रखवालदारानं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं झाली, तुम्हाला ताई आहे हे कधी बोलला नाहीत."

तुझाच,
धाकटा