दसऱ्याला पुजलेले बूट

वॉलॉंगॉंग, २० सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण पाच मिनिटांत भांडतो, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र लिहिते. आपला शार्दूल शिक्षण अर्धवट टाकून परत यायचं म्हणतोय. अमेरिकेतल्या त्याच्या युनिव्हर्सिटीत यंदापासून अमेरिकन फुटबॉलच्या पोरांना कमाईतला वाटा मिळू लागला. याला मात्र काही नाही, कारण हा इथून, ऑस्ट्रेलियातून, स्टुडंट व्हिसावर गेलेला आणि त्या व्हिसावर अशी कमाई चालत नाही. बरोबरचे नव्या गाड्यांतून फिरतात, आणि टीमसाठी बॉल लाथाडणारा आपला किकर रात्री मांडीला बर्फ लावून बसतो. स्टेडियम भरतं, टीव्हीवाले पैसे ओततात, कोचचा बंगला तर बघत राहावा असा. राबायचं पोरांनी आणि हात ओले दुसऱ्यांचे. माझं डोकं तापलंय.

राजीव म्हणतो, पोरगा बापाचं नाही, मामाचंच ऐकतो. तेव्हा त्याला खुशाल ये म्हणून तूच सांग.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
सुनीती

---

वेरिबी, २६ सप्टेंबर

चि. सुनीतीस,
अनेक आशीर्वाद.

मी असलं काही सांगणार नाही. सिव्हिल इंजिनिअरिंगची फी, राहणं, जेवण, सगळं त्याला खेळाच्या स्कॉलरशिपवर फुकट आहे. तोच त्याचा पगार. कोवळ्या पोरांच्या हातात पैसा आला की पुस्तकं आधी माळ्यावर जातात. मी युनिव्हर्सिटीकडून कबड्डी खेळायचो, तेव्हा मॅचनंतर एक केळं मिळायचं, आणि आम्ही ते मिटक्या मारत खायचो. तू आपली दुसऱ्यांच्या गाड्या बघून पोराला भरीस घालू नकोस. इथे महाराष्ट्र मंडळात मी सगळ्यांना सांगून बसलोय की भाचा इंजिनिअर होऊन येणार.

दसरा आलाच आहे. आपल्याकडे ज्याच्या त्याच्या कामाची हत्यारं आणि पुस्तकं पुजतात, याची त्याला आठवण कर. नेहमीसारखा पूजेचा फोटो हवा, आणि मी पाठवलेलं स्ट्रक्चर्सचं पुस्तक त्यात दिसलं पाहिजे.

राग आवर आणि माया ठेव,
दादा

---

वॉलॉंगॉंग, ५ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोटो छापून सोबत पाठवतेय. फोनवर पाठवला असता तर तू लगेच फोन केला असतास, आणि मला आत्ता कुणाशी बोलवत नाही.

नीट बघ. हळदकुंकू वाहिलंय ते बुटांना. शेजारची पुस्तकं मनोरंजन आणि विरंगुळा व्यवस्थापनाची आहेत. मी विचारलं तेव्हा पठ्ठ्याने सगळं सांगितलं. इंजिनिअरिंगची लॅब आणि टीमचा सराव एकाच वेळी यायचा. कोचने सांगितलं की सराव चुकला तर स्कॉलरशिप पुढच्या वर्षी मिळणार नाही. मग टीमच्याच ऑफिसातल्या बाईंनी दुसऱ्या वर्षी त्याला हा सोपा विषय घेऊन दिला. आपल्याला कळवलं नाही, कारण मामाने मंडळात सांगून ठेवलं होतं.

तुझा तो पगार हा असा आहे, दादा. आता बोल.

सुनीती

---

वेरिबी, १२ ऑक्टोबर

चि. सुनीतीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो भिंग घेऊन पाहिला. माझं पुस्तक बुटांखाली आहे, प्लास्टिकसुद्धा न काढलेलं.

काल त्याला फोन केला. मी काही बोलायच्या आतच तो नो वरीज मामा म्हणाला, उलट माझीच समजूत घातली, आणि मला फार लागलं. त्याला ये म्हणून सांगितलंय. वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत चौकशी केली. त्याचं पहिलं वर्ष धरतील, पुढचं सगळं नव्याने. मधली वर्षं कुणी भरून देणार नाही, आणि दाद मागावी तरी कुणाकडे. काल मंडळात सगळ्यांसमोर सांगितलं की भाचा इंजिनिअर झालेला नाही, आणि पोरांना पगार द्यायलाच हवा, तोही रोख. एक गृहस्थ म्हणाले, आपल्या वेळी कुठे मिळत होता. त्यांच्यावर नको तितका ओरडलो.

आम्हाला नुसतं केळं मिळायचं हे खरं. पण मॅचसाठी प्रॅक्टिकल बुडवलं तर आमचे सर कान धरून लॅबमध्ये नेऊन बसवायचे.

आता तू रागाव, तुझा हक्क आहे.
दादा