वरचा खालच्यावर

मंगळवार, ८ सप्टेंबर

प्रिय भाऊजींना,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने आम्ही दोघं बरे आहोत. तुम्ही, जाऊबाई आणि मुली खुशाल असाल. दोन वर्षांत माझी एक ओळ नाही आणि आज एकदम जाड पाकीट, म्हणून दचकू नका. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे, कागदच जाड आहे.

घर उभं राहिलं. भिंती आम्ही दोघांनीच चढवल्या. विटा मी पुरवायच्या आणि ओळंबा यांनी धरायचा. एका भिंतीला जरा पोट सुटलंय, पण हे म्हणतात, "मालकावर गेलीय." भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची आहे, म्हणून छपराची घाई. हवा मात्र भारी लहरी. सकाळी कपडे कडकडीत वाळतात, दुपारी काळोखून येतं, वारा सुटतो, की पुन्हा लख्ख ऊन. पत्रे वर चढवावेत की झाकून ठेवावेत, काही कळत नाही.

यांची भूक चांगली आहे. झोप लागते. जुन्या गोष्टी फार बोलतात. तुम्ही दोघांनी घातलेली छपरं एकेक करून आठवतात. शाळेचं, बेकरीचं, आणि त्या गिरणीचं, जिथे तुम्ही सरळ पिठाच्या ढिगात पडलात आणि गिरणीवाला म्हणाला, "पीठ वाया घालवलंत, आता याच्याच पोळ्या लाटा." सांगताना हसून हसून यांच्या डोळ्यांत पाणी येतं. तुमचं नाव घरात काढायचं नाही हा यांचाच हुकूम होता. तो कधी सुटला ते मला कळलंच नाही. मला वाटलं, चला, राग गेला.

राग कुठला जायला भाऊजी, भांडण झालं होतं हेच आता यांच्या ध्यानात नाही.

परवा हे पत्रे घालायला वर चढले. मी खाली शिडी धरून. एक ओळ झाली. दुसऱ्या ओळीचा पहिला पत्रा टेकवला आणि वरून हाक आली, "धाकट्या, कोण कुणावर?"

तुमची ही रीत मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. यांनी वरून विचारायचं, तुम्ही खालून नीट बघून सांगायचं, "वरचा खालच्यावर, दादा," आणि मगच स्क्रू आवळायचा. वरच्या पत्र्याची कड खालच्यावर बसली तर पाणी वळचणीला जाणार, उलट बसली तर घरात.

मी म्हटलं, "अहो, मी आहे इथे. आवळा तुम्ही."

"तू मधे मधे बोलू नकोस. त्याला बघू दे. चहा प्यायला पळाला वाटतं, चहाटळ!"

आणि थांबून राहिले. वारा पत्र्याखाली शिरत होता, पत्रा फडफडत होता, एका हातात पत्रा आणि दुसऱ्या हाताने वासा धरलेला. मी भिंतीआड गेले, आवाज जाड केला आणि म्हटलं, "वरचा खालच्यावर, दादा."

नवऱ्याला दादा म्हटलं. संध्याकाळी देवापुढे बसले तर मान वर करवेना.

तेवढ्यावर निभावलं असतं तर तुम्हाला लिहिलं नसतं. दिवसभर हे विचारत राहिले आणि मी भिंतीआडून पोपटासारखं तेच म्हणत राहिले. डोकं वर करून एकदाही पाहिलं नाही. ज्यांनी जन्मभर लोकांची डोकी झाकली, त्यांचं काम मी काय तपासायचं? यांनी आढ्याकडची ओळ आधी घातली होती, आणि खालची ओळ तिच्यावर. छपराची ती सगळी उतरती बाजू, सगळं पाखं उलटं. आणि प्रत्येक स्क्रूला माझा होकार.

काल सर आली. सांध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धार लागली. नव्या घरात आधीच आणून ठेवलेली देवाची तसबीर पदराखाली धरून मी कोपऱ्यात उभी. शेजारचा वेल्डर धावत आला, वर बघून म्हणाला, "काकू, उलटं बसलंय की. उद्या उतरवून देतो." हे पाना घेऊन त्याच्या अंगावर गेले. "धाकट्यानं खालून बघितलंय! धाकटा चुकत नाही." बिचारा गेला निघून. मग हे धारेखालीच उभे राहिले, तोंडावरचं पाणी पुसलं आणि मला म्हणाले, "गळत नाहीये. हो ना गं?"

मी हो म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही गिऱ्हाइकासमोर म्हणालात, "दादा, तू आता वर चढू नकोस, तुझा हात चुकतो." त्यावर यांनी तुमची शिडी रस्त्यात फेकली. तुम्ही बोललात ते खरं होतं. आता एकदा खोटं बोलायला या. इथे खाली उभे राहा आणि म्हणा, "दादा, माझ्या बघण्यात चूक झाली, पत्रे उतरवू या." दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत. मग वर तुम्ही चढा आणि यांना खाली उभं करा. कोण कुणावर ते तुम्ही विचारा. उत्तर यांना येतं. तेवढं अजून येतं.

न केलेली चूक पदरात घ्या म्हणते आहे, जिवाला फार लागतं. पण त्या खोट्याचं पाप माझ्या नावे मांडा. हिशेब ठेवायची सवय मला आहे.

आभाळ पुन्हा भरून आलंय. शिडी मी साखळीने खांबाला बांधून कुलूप घातलंय. हे तिच्यापाशीच उभे आहेत, रस्त्याकडे बघत. कुणाची वाट बघताय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "चहा पिऊन येईलच आता."

तुमच्या जागी उभी असलेली,
वहिनी