चहा घेऊन टाकलेली तार

आबा, तुमची तार काल महापालिकेच्या माणसांनी कापली. पूर्व भागातल्या गल्लीत केबल टीव्हीसाठी तुम्ही छतावरून छतावर जी वाट काढली होती, तिच्यावरूनच आपला धाकटा आता घरोघर इंटरनेट देत होता. महापालिकेचा नवा नियम आहे: तारा लोंबकळता कामा नयेत, जमिनीखालून न्या. रस्ता खणायची अनामत अशी, की ती फक्त मोठ्या कंपनीला परवडते. धाकट्याने फायबर जोडायचं मशीन पुसून माळ्यावर ठेवलं आणि गिऱ्हाइकांना स्वतःच फोन केले, "त्यांचं घ्या आता."

महापालिकेतल्या सुनावणीला मी गेले होते. माईकसमोर मी कधी कचरले नाही, तुम्हाला ठाऊक आहे. रस्ता कुणाच्या बापाचा, म्हणून विचारलं. गावात एकच कंपनी उरली की उद्या भाव ती ठरवणार, लाइन बंद पडली तर दाद कुणाकडे मागायची, हेही विचारलं. साहेबांनी मान डोलवत सगळं ऐकलं. "लई छान बोलता मॅडम तुम्ही. पण नियम सगळ्यांना सारखाच आहे की." आणि पुढची फाइल उघडली. माणूस वाईट नव्हता. तो वाईट असता तर मला भांडता तरी आलं असतं.

अजून आठवतं: मी कॉलेजात आहे, तुमच्याबरोबर तारेचं भेंडोळं धरून उभी. विणकराच्या घरातल्या मावशी छतावर जाऊ देत नाहीत आणि मी त्यांना नागरिकांचे हक्क ऐकवायला लागते. तुम्ही मला खाली बसवता. "भाषण गुंडाळ. त्यांनी चहा टाकलाय, आधी पी." ज्या घराच्या छताला तार टेकणार, तिथं चहा घेतल्याशिवाय तुम्ही जिना चढत नव्हता, आणि त्या घराकडून कनेक्शनचे पैसे कधी घेत नव्हता. तुमचा परवाना तेवढाच.

काल तार कापल्यावर मी त्याच घरी गेले. मावशी आता थकल्यात. पुण्यातल्या नातीचा चेहरा मोबाइलवर रोज दिसायचा, तो बंद झालाय. कप पुढे सरकवत म्हणाल्या, "तुझ्या बापानं चहा पिऊन तार टाकली हुती. ह्यांनी कापताना दारात हाक बी मारली न्हाय." मग हळूच, "तुझा भाऊ परत कवा जोडतो गं?"

हे पत्र धाकट्याला दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत तर कसं पोचणार. मशीन माळ्यावर गेलंय हे मला माहीत होतं, आबा. तरी मी मावशींना म्हणाले, "उद्या."