सुईखालचा दुधाचा दात

सोमवार
लिहीन लिहीन म्हणत आठवडा ढकलला. कधी झोप आडवी आली, कधी खिडकीतली मांजर. तर, मला नोकरी लागली! दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मदतनीस. राहतो ताईकडे. काम मजेशीर आहे. लहान मुलांचे पडलेले दुधाचे दात कापायचे, प्लास्टिकच्या ठोकळ्यात बसवायचे, घासून आतला पिवळसर थर उघडा करायचा. त्याला डेंटिन म्हणतात. त्यावर कधी आम्ल, कधी दुसरं रसायन लावून यंत्राची हिऱ्याची सुई दाबायची. ठसा मोठा उमटला, की दात मऊ पडला समजायचं. दात कोरडा पडू द्यायचा नाही, हा डॉक्टरबाईंचा हट्ट.
भाची चिमणी विचारत होती, मामा, दातांना दुखत नाही का? म्हटलं, वेडाबाई, पडलेला दात कुठला दुखतोय!

बुधवार
गुणगुणण्याच्या नादात कापताना एक दात फुटला. अजून एक फुटला तर घरचा रस्ता धर, असं बाईंनी आधीच सुनावलं होतं. चिमणीचा कालच पडलेला दात ताईने डबीत जपून ठेवला होता. तोच ठोकळ्यात बसवला. कोणाला कळतंय?

गुरुवार
त्यावर आम्ल लावून सुई दाबली. ठसा केवढा मोठा! घरी आलो तर चिमणी गाल धरून रडतेय. ताई म्हणाली, दुपारी खेळता खेळता एकदम किंचाळली. बॅटरी लावून पाहिलं. पुढच्या दातावर तिरपा, चौकोनी खड्डा. अगदी आमच्या सुईचा उमटतो तसा.

शुक्रवार
आज त्याच दातावर बाईंनीच सुई दाबली. लगेच ताईचा फोन. शेजारच्या दातावरही तसाच. बाईंना सगळं खरं सांगून टाकलं. त्या हसल्या. म्हणाल्या, झोप काढ जरा. ठोकळा आम्लात सोडला, सोमवारपर्यंत, आणि मला बाहेर काढून कुलूप लावलं.
चिमणीचे दात हलत नाहीयेत. झिजतायत. ताई रडतेय—

शनिवार
सुट्टी. पहारेकऱ्याच्या हातापाया पडून आत आलो. ठोकळा काढला, धुतला. मुठीत आहे. दात खडूसारखा—
ताईला फोन लावला. चिमणी शांत झोपली म्हणाली, मांडीवरच. सुटलो. फोन चालूच ठेवून इथेच बसून लिहितो—

दार वाजलं. पहारेकरी असेल—

नाही. चिमणी आली आहे. एकटीच. अनवाणी.
फोनवर ताई अजून बोलतेय. झोपेत हसली बघ, म्हणतेय—
ही हसत नाही. तोंड उघडून दाखवते. आत एकही—
हात पुढे केलाय. म्हणते, मामा, माझा—