तीन दिवसांचं नांदेड

नांदेड,
श्रावणातला पहिला शनिवार

प्रिय उज्वला,

तुझा मेसेज मिळाला. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्यात, तू आणि श्रीनाथराव नांदेड बघायला येताय, हॉटेलही बुक झालंय, मी फक्त तीन दिवसांचा प्लॅन करून द्यायचा. वाचून मला आधी हसूच आलं. ज्या गावात तुझे दुधाचे दात पडले, तिथं काय काय बघण्यासारखं आहे ते मी तुला सांगायचं! पण सांगितलेलं काम टाळायची मला सवय नाही. अंगणवाडीत जन्म गेला, सहलीचे बेत काय कमी आखले? मोबाइलवर एवढं टाइप करणं मला जमत नाही, आणि तुझा फोन कधी श्रीनाथरावांच्याही हातात असतो. म्हणून हे कागदावर लिहून तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे.

पहिल्या दिवशी गुरुद्वारा. पुण्याहून येणारा माणूस आधी तिथंच जातो, त्यात काही वाद नाही. सकाळी लवकर जा, डोक्याला रुमाल श्रीनाथरावांनी आठवणीनं घ्यावा, लंगरमध्ये जेवा. तुला आठवतं का गं, तू पहिल्यांदा तिथं गेलीस तेव्हा आत यायलाच तयार नव्हतीस? भूकंपाला तीन-चार महिने झाले होते. तू चार वर्षांची. छप्पर दिसलं की पाय रोवून उभी राहायचीस, मग ते देवाचं असो की माणसाचं. तुझे बाबा तुला घेऊन बाहेर उन्हात बसून राहिले आणि एका म्हाताऱ्या सरदारजींनी तुमची ताटं बाहेर आणून दिली. तू मुकाट्यानं सगळं खाल्लंस. बाबा म्हणजे शेषेराव. तुझे काका नव्हेत. हे मला लिहावं लागतंय, यातच सगळं आलं.

संध्याकाळी नदीवर जा. घाटावर गर्दी असेल, पण वारा चांगला असतो. जेवायला कुठं जायचं ते श्रीनाथराव मोबाइलवर शोधतीलच. सकाळच्या नाश्त्याला मात्र हॉटेलातलं ते ब्रेड-बटर खाऊ नका, स्टेशनकडे सुशीला मिळते. मुरमुऱ्याची आहे आणि पोह्यांसारखी करतात, एवढं त्यांना सांग, नाहीतर ते विचारतील ही सुशीला कोण. तुला ती किती आवडायची ते मात्र सांगू नकोस. तुझं बालपण लातूरला गेलं असं त्यांना माहीत आहे ना!

दुसऱ्या दिवशी विष्णुपुरी. यंदा पाणी आलंय, धरण बघण्यासारखं आहे. मंदिरही आहे. तुझ्या बाबांच्या सुट्टीच्या दिवशी सायकलवर पुढच्या दांडीवर बसून तू तिथं जायचीस, कारण तिथं वर नुसतं आभाळ होतं. तू तिथं पोटभर झोपायचीस. घरी झोपत नव्हतीस ना! गिरणी कामगारांच्या लाइनीतल्या आपल्या खोलीसमोर बाज टाकून आपण तिघं किती दिवस उघड्यावर झोपलो. थंडीत लोक म्हणायचे, शेषेराव, आता तरी आत जा. ते म्हणायचे, "पोर आत येत न्हाई, मग आमी कशाला जावं? आमाला काय छपराची लई हौस हाय का?" रात्रपाळी करून आलेला माणूस, उन्हात तोंडावर टॉवेल टाकून झोपायचा, पण तुला बाहेर एकटं ठेवून आत गेला नाही.

आणि हाच माणूस तुला मातीतून काढायला गेला होता. किल्लारीच्या बाजूचं गाव पडलं अशी बातमी आली, तेव्हा कुसुम तिथं आहे, माझी धाकटी बहीण, तुला जन्म देणारी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. गिरणीतल्या लोकांनी ट्रक काढला, त्यात हे गेले. कुसुम गेली होती, तुझे वडील गेले होते. तू कोपऱ्यात आडव्या पडलेल्या लाकडाखाली जिवंत होतीस, ह्यांनीच हातांनी माती उपसून तुला बाहेर काढलं. तुझे व्यंकटकाका त्या वेळी सोलापूरला नोकरीवर होते, नंतर आले. ते आले याचा मला राग नाही. भूकंपग्रस्तांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये चार माणसांसमोर त्यांनीच नारळ आणि मूठभर साखर घेऊन तुला माझ्या ओटीत घातलं. म्हणाले, "ताई, आजपासून ही तुमची. आमच्याकडं हिला बघणारं कोन हाय?" मला मूल नव्हतं. मी पदर पसरला. तेव्हापासून तू मला आई म्हणायला लागलीस, मी शिकवलं नव्हतं.

दहावीला तुला मार्क चांगले पडले आणि तू लातूरचं नाव काढलंस. तेव्हा लातूरला सगळ्या मराठवाड्याची पोरं लोटली होती, गल्लीगल्लीत क्लास. सोलापूरची नोकरी सोडून काकांनी तिथं काढलेला क्लासही पत्र्याच्या खोलीतून तीन मजल्यांवर गेला होता. ते म्हणाले, घरची पोर आहे, राहील माझ्याकडे. मला बरंच वाटलं. दर रविवारी मी एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती डबा द्यायचे, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, आणि तू स्टँडवर येऊन घ्यायचीस. मग एकदा म्हणालीस, आई, डबा पाठवू नको, इथं बरं दिसत नाही. मी पाठवणं बंद केलं. अभ्यास असेल, असं मी मनाची समजूत घातली.

तू डॉक्टरकीला लागलीस त्या वर्षी तुझे बाबा पेढे घेऊन लातूरला गेले होते. सोबत बसलिंगप्पा होते, गिरणीच्या बॉयलरवरचे. परत आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "पोरीचा लई मोठा फोटो लावलाय चौकात." मी म्हटलं, मग मलाही न्यायचं होतं. ते उठून बाज झटकायला लागले. पुढच्या वर्षी ते वारलेच. त्या फोटोखाली काय लिहिलं होतं ते मला तुझ्या लग्नात कळलं, जेव्हा माइकवर सूत्रसंचालन करणाऱ्या माणसानं तीच गोष्ट वाचून दाखवली. काकांनी स्वतःच्या हातानं ढिगाऱ्यातून पुतणीला काढलं, छातीशी धरून वाढवलं, डॉक्टर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी डोळे पुसले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, बाकीच्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या, कारण हात आपोआप उचलले गेले.

विधवा बाईनं कन्यादानाला बसू नये म्हणून काका-काकूंना पाटावर बसा असं मीच म्हटलं होतं, त्याचं मला काही वाटत नाही. माझं लक्ष तुझ्याकडे होतं. वाटलं, आता ही मान वर करील, माइक मागील, निदान माझ्याकडे बघील. तू मेंदी बघत बसलीस. नंतर मला बाजूला घेऊन सांगितलंस की क्लासची जाहिरात म्हणून ते सुरू झालं, मग सासरीही तसंच माहीत झालं, आता बदलणं शोभत नाही, तर "आई, चारचौघांत मी तुला मावशी म्हणेन." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते मंडपात? बसलिंगप्पांना घरी आल्यावर विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? म्हातारा रडला. म्हणाले, "तो बोर्ड वाचून शेषेराव रस्त्यावरच खाली बसले हो, ताई. मग मला म्हणाले, तारामतीला सांगायचं न्हाई, तिला सोसणार न्हाई." मला सोसलं नसतं, हे खरंच. पण त्यांना तरी कुठं सोसलं?

काका खोटं बोलले, ते मी समजू शकते, त्यांना क्लास चालवायचा होता. तुला काय चालवायचं होतं, उज्वला? हा प्रश्न मी दोन वर्षं गिळला. आज लिहिते आहे, कारण तू मेसेजच्या शेवटी लिहिलंस, "मावशी, तिसऱ्या दिवशी यांना बंद पडलेली गिरणी बघायचीय, जुन्या इमारतींचे फोटो काढायचा छंद आहे. तू ओळखीच्या बाई म्हणून दाखवायला ये. खोलीकडे नको नेऊस. आणि तेवढं सांभाळ." तेवढं म्हणजे केवढं गं? तुझे बाबा मावतील का त्यात?

तर तिसरा दिवस. गिरणीची चिमणी अजून उभी आहे, फोटो छान येईल. कापड विणायच्या साच्यांचं खातं पडलं, वर पिंपळ उगवलाय. बॉयलरच्या मागं लोखंडी साखळी लोंबते, ती श्रीनाथरावांना दाखव. ती भोंग्याची. तू आलीस तेव्हा भोंगा वाजला की किंचाळत लाइनीच्या टोकापर्यंत पळायचीस, पुन्हा जमीन हलली असं वाटून. बाबांनी एक दिवस तुला उचलून तिथं नेलं. बसलिंगप्पांनी तुझा हात आपल्या हातात धरून साखळी ओढायला लावली. म्हणाले, "बघ, तू वाजवून राहिलीस. तुझ्या हातात हाय हे." त्या सकाळी सगळं नांदेड तुझ्या हातानं कामाला लागलं. तू घामानं भिजलेली, पण हसत होतीस. त्या दिवशी तू पहिल्यांदा स्वतःहून घरात आलीस आणि छपराखाली झोपलीस. तुझी भीती ज्या जागेनं काढली, ती जागा तुला माहीत नसल्यासारखी मी कशी दाखवू? मला जमणार नाही. तू दाखव. फाटकावर आता बसलिंगप्पाच वॉचमन आहेत. तू येणार हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी धुतलेला शर्ट काढून ठेवला. गप्प बसा, असं मी त्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तुला शेषेरावांची पोर म्हणून हाक मारतील. तेव्हा श्रीनाथराव तुझ्याकडे बघतील. काय बोलायचं ते तुझं तू ठरव.

मी गिरणीत येणार नाही, हे सांगायलाच हे पत्र. मी खोटं बोलायला येणार नाही, आणि तुझ्या नवऱ्यासमोर तुला उघडं पाडायलाही येणार नाही. मी घरी असेन. फाटकापासून आपली खोली दिसते, दारात अजून तीच बाज आहे. लग्नानंतर तू माहेरी म्हणून पहिल्यांदा लातूरला गेलीस, इथं आलीच नाहीस, त्यामुळं तुझ्यावरून भाकरतुकडा ओवाळायचा माझा राहून गेलाय. लेक दारात आली की तुकडा ओवाळून टाकतात, आणि पाहुणी आली की पाण्याचा तांब्या पुढं करतात. त्या दिवशी मी दोन्ही उंबऱ्याशी मांडून ठेवते. तू दारातून काय हाक मारतेस ते ऐकूनच काय उचलायचं ते ठरवेन. आणि तू आलीच नाहीस, तर तो तुकडा मी चिमण्यांना घालीन, वाया जाऊ देणार नाही.

तुझीच,
(इथं काय लिहू, ते तुझी हाक ऐकल्यावर)
तारामती