चाळीसच्या आत

वहिनी,

तुम्ही धुणं घेऊन विहिरीवर गेलात, म्हणून लिहून ठेवतेय. मी नगरला जाते, होस्टेलची खोली रिकामी करायला. संध्याकाळी येईन. दूध तापवलंय, मांजराकडे लक्ष ठेवा.

दादाने काल आल्यावर काही सांगितलं नसेल. जुन्या दाखल्याची मुदत संपली म्हणून दवाखान्यात माझे कान परत तपासले. बहिरेपण अडतीस टक्केच निघालं. चाळीसच्या आत असलं की दिव्यांगांची शिष्यवृत्ती मिळत नाही. तिच्यावरच तर माझं कॉलेज चाललं होतं.

मी डॉक्टरांना म्हणाले, "सर, मॅडम फळ्याकडे वळल्या की मला काहीच कळत नाही." ते कॉम्प्युटरकडे बघतच काहीतरी बोलले. त्यांचे ओठ मला दिसले नाहीत. दादाला विचारलं तर म्हणाला, "काय न्हाई, चल." एसटीत तो सारखा खिडकीबाहेरच बघत होता. तुमच्याजवळ तो बोललाच, तर मला सांगू नका.

आई रविवारी पुणतांब्याच्या पाहुण्यांना मला बघायला बोलवायचं म्हणतेय. माझ्यासाठी तिच्याशी आता भांडू नका, वहिनी. बोलवू दे तिला.

राजनंदिनी