उजव्या दारावरची रेघ

बाबा, तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि आज मी तुम्हाला गाडीच्या रंगाबद्दल लिहायला बसले आहे. गाडी तुमच्या जावयाची. ते गेल्यापासून मीच चालवते, महिन्यातून दोनदा, पोंभुर्ण्याहून चंद्रपूरला, वाचनालयातली पुस्तकं बदलायला. मुलीला ते मान्य नाही. मागच्या आठवड्यात तिनं फोनवर सांगितलं, "रविवारी येऊन राह्यली मी. गाडीवर एक जरी नवा ओरखडा दिसला, तर किल्ली नागपूरले घेऊन जाईन. मंग जात जाय एसटीनं." ती बोलते ते करते. तुमची नात आहे.

आणि गुरुवारी चंद्रपूरहून परतल्यावर अंगणात गाडी मागे घेताना, कुंपणासाठी आणून टाकलेल्या बांबूचं टोक उजव्या दारावर घासत गेलं. वाटेत कोळशाच्या ट्रकांमागे राहून गाडी काळी झाली होती. ओरखडा किती खोल ते बघायला मी घाईघाईनं पदरानं दार पुसलं. कोरडंच पुसलं. पाहते तर ओरखड्याभोवती बारीक रेघांचं जाळं. तुमचं वरोऱ्याचं गाड्या रंगवायचं दुकान आठवलं. मी दहा-अकरा वर्षांची, गिऱ्हाइकाची गाडी चकचकीत करावी म्हणून कोरड्या फडक्यानं पुसते आहे, आणि तुम्ही रंगाची गन खाली ठेवून येता. "काऊन घासून राह्यली? कोळशाची धूळ आहे थे, पावडर नाई. आधी पाणी ओत." मग माझं बोट धरून रेघेवर नख फिरवता. "अडकलं का? नाई ना? मंग निघते. अडकलं असतं तर कोणाचाबी बाप आला तरी निघत नाई." गिऱ्हाईक हसतं. तुम्ही हसत नाही.

शनिवारी उजाडताच गाडी कडुलिंबाच्या सावलीत घेतली, भरपूर पाण्यानं धुतली. सगळ्यात बारीक पाणीकागद, ओला करून घासायचा पॉलिशपेपर, साबणाच्या पाण्यात भिजवला आणि दोन बोटांनी हलकेच घासायला लागले. मध्येच पाणी, मध्येच थांबून बघणं. वरचा पारदर्शक थर किती पातळ असतो ते तुमच्याकडेच पाहिलेलं. तो संपला की घरी काही करता येत नाही. घासलेली जागा पांढुरकी झाली, तेव्हा वाटलं, संपलं सगळं. रबिंग पॉलिश लावल्यावर चमक परत आली, जाळं गेलं. पण मधली वीतभर रेघ राहिली. तिच्यात नख अडकत होतं. गंज धरू नये म्हणून दुकानातून आणलेल्या छोट्या बाटलीतला रंग काडीनं भरला, रात्रभर वाळू दिला, सकाळी वरून मेण चढवलं. तरी रंग जुळला नाही. गाडीचा रंग इतक्या वर्षांच्या उन्हानं उतरलेला, बाटलीतला कोरा.

अकराला ती आली. चप्पलही न काढता गाडीभोवती फिरली. उजव्या दाराशी वाकली. "हा कधीचा, आई?"

"तुझ्या बाबाच्या हातचा," मी म्हटलं. "शेवटच्या वर्षातला. मी आत्ता फक्त रंग भरला."

तिनं रेघेवरून हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाली, "आता याले हात नको लावू. राहू दे." किल्लीचा विषय तिनं काढलाच नाही. जाताना त्या रेघेचा फोटो काढून घेतला.

तुमच्या जावयानं या गाडीला कधी ओरखडा पडू दिला नव्हता. हा कागद कुठे पाठवायचा नाही म्हणून लिहिते, त्यांच्या नावावर खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही.